तुम्ही विचारलंत म्हणून: शिवण येत नाही, मग हाताने गिफ्ट करायचं तरी काय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कापडाचं काहीतरी शिवून वाण देते, आणि मग रथसप्तमी होऊन गेली तरी फोन येत राहतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. मशीन नाहीये, शाळेत शिवणाच्या तासाला जे काय शिकले तेवढंच, पण मलाही कोणालातरी हाताने काहीतरी करून द्यायचंय, तर सुरुवात कुठून करू? प्रत्येकीला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगते आणि काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच नीट लिहितेय.

आधी एक सांगते, बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. काय करायचं हे आधी ठरवू नका, कोणासाठी करायचं ते ठरवा. बहुतेकजणी व्हिडिओ बघतात, छान दिसणारी वस्तू निवडतात, सामान आणतात, आणि ती झाल्यावर कोणाला द्यायची याचा विचार करतात, मग ती वस्तू कोणाच्यातरी शोकेसमध्ये जाऊन बसते. त्यापेक्षा एक माणूस डोळ्यासमोर आणा आणि त्याचा दिवस बघा. सकाळी उठल्यापासून त्याचे हात कशाला लागतात, काय शोधत बसतो, काय सारखं पडतं, काय कुठेतरी खोचून ठेवतो. एवढं बघितलंत की वस्तू आपोआप सुचते, आणि ती नव्वद टक्के वेळा एक साधा चौकोन किंवा आयतच असतो, जो कोणालाही हाताने शिवता येतो.

उदाहरण देते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मोबाईल कमरेला खोचायच्या, वाकल्या की पडायचा. त्यांना गळ्यात आडवी अडकवायची छोटी पिशवी शिवून दिली, फोनच्या मापाची, वर वेल्क्रो, मागे एक कप्पा बसच्या पासासाठी. ती त्या रोज वापरतात. त्या पिशवीत शिवणकाम म्हणाल तर फक्त चार सरळ टिपा आणि एक पट्टा आहे, त्यात अवघड काहीच नाही, फक्त त्यांचा फोन केवढा आणि पट्टा किती लांब हवा हे बघावं लागलं.

पण माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे वॉकरची पिशवी, आणि ही मी अक्षरशः प्रत्येकीला करायला सांगते कारण आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी वॉकर घेऊन चालणारं आहेच. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात. मग चष्मा, फोन, गोळ्यांची डबी, रुमाल, टीव्हीचा रिमोट हे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं कसं? माणूस प्रत्येक वेळी हाक मारतो, आणि हाक मारायला त्यालाच नको वाटतं. एक पिशवी अडकवली की तेवढ्यापुरतं का होईना त्याला कोणाला बोलवावं लागत नाही, आणि याच्याइतकं मोठं गिफ्ट मला तरी दुसरं माहीत नाही. कापड जाड सुती घ्या, जुना पडदा किंवा चादर चालेल, दुहेरी करा. साधारण १४ इंच रुंद तुकडा, त्यावर तीन खिसे, एक चष्म्याच्या मापाचा, एक फोनच्या, एक मोठा. खिसे मूळ कापडापेक्षा एकदम वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे गडद निळ्यावर पिवळे वगैरे, नजर कमी झालेल्या माणसाला खिशाचं तोंड कुठंय ते चटकन दिसलं पाहिजे. वर तीन पट्ट्या, पुढच्या आडव्या पाइपला गुंडाळायच्या. पाइपचा घेर मोजून घ्या, साधारण ३ इंच भरतो, म्हणजे ६ इंचाची पट्टी केली की वेल्क्रोला पुरेशी जागा मिळते. बटण नको, नाडी तर नकोच, सांधे आखडलेल्या बोटांना ते जमत नाही. पिशवी पुढच्या बाजूला बाहेर लटकू दे, आत लावली तर चालताना गुडघ्याला लागते. आणि खिसे मुद्दाम लहान ठेवा, कारण मोठे ठेवले की घरातली मंडळी त्यात पाण्याची बाटली आणि पेपर कोंबतात, आणि पुढे वजन झालं की वॉकर पुढे कलंडू शकतो.

आता सामान. पुण्यात असाल तर मेट्रोने मंडईला उतरायचं, रविवार पेठेत बोहरी आळीत शिरायचं, रिबिनी, लटकन, गोंडे, मणी, दोऱ्या, पॅकिंगचं सामान, सगळं तिथे मिळतं. लेस आणि बटणं तुळशीबागेत बघा. लक्ष्मी रोडला कटपीसमध्ये सुंदर तुकडे मिळतात, आणि तुमच्या ब्लाउजवाल्या टेलरकडे कातरणं मागा, चांगल्या कापडाची असतात आणि ओळखीच्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत. पण पहिल्या खेपेला एवढंच घ्या: एक मीटर सुती कापड, एक मीटर अस्तराला साधं पॉपलीन किंवा केम्ब्रिक, दोन रंगांची रिळं, सुयांचं पाकीट, टाचण्या, खडू आणि फक्त कापडासाठी वेगळी कात्री. ही कात्री कागदाला लावू देऊ नका, घरात कोणालाच, कागदाने धार जाते. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, मशीनच्या सुईचं बरोब्बर उलटं, तिथे ११ बारीक, १४ नेहमीच्या सुती कापडाला आणि १६ जाड कापडाला. दुकानात गोंधळ होतो तो इथेच.

कापड आणल्यावर पहिल्यांदा पाण्यात टाका. हे कंटाळवाणं आहे पण सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि बाहेरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं की शिवलेल्या वस्तूला सुरकुत्या पडतात त्या कितीही इस्त्री करा जात नाहीत. लाल, गडद निळा, मरून हे रंग वेगळे भिजवा. पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, पण जो सुटणार तो सुटतोच, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि तरीही सुटत असेल तर ते कापड पोळ्यांच्या रुमालाला किंवा बाळाच्या वस्तूला अजिबात वापरू नका.

बटव्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात म्हणून तो नीट सांगते. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एक मीटर कापडात ८ बाय १० इंचाचे १६ तुकडे बसतात, म्हणजे आठ बटवे, तेवढेच तुकडे अस्तराचे. एक बाहेरचा आणि एक अस्तराचा तुकडा सुलट बाजू आत ठेवून ८ इंचाच्या कडेला जोडा, अशी दोन पानं होतील. ती उघडून एकमेकांवर ठेवा, बाहेरच्यावर बाहेरचं, अस्तरावर अस्तर, आणि अर्धा इंच शिलाई सोडून चारी बाजूंनी शिवा. दोन गोष्टी सोडायच्या: बाहेरच्या कापडाला दोन्ही बाजूंना, वरच्या जोडापासून दीड इंच खाली, पाऊण इंचाची फट, आणि अस्तराच्या तळाला तीन इंच उघडं. कोपरे छाटून त्या तळाच्या फटीतून सगळं सुलटं करा, फट शिवून टाका, अस्तर आत ढकला. मग बाजूच्या फटींच्या वर आणि खाली, गोलाकार दोन टिपा घातल्या की नाडीचा बोगदा तयार. २२ इंचाच्या दोन नाड्या, एक डावीकडून घालून डावीकडेच बाहेर काढायची, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की बटवा मिटतो. हाताने करत असाल तर धावदोरा, म्हणजे सुई नुसती वर-खाली करत घातलेले साधे टाके, घालू नका, नाडी ओढताना ताण येतो आणि तो उसवतो, उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे घालून पुढे काढायची. दोरा कोपरापर्यंत पुरेल एवढाच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो, आणि तो एकदा मेणबत्तीवरून ओढून घेतला की सरळ चालतो.

खण वापरायचा असेल तर थोडं सांभाळून. खण मूळचा गुळेदगुड्डचा, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला, आणि चोळीसाठी विणला जायचा म्हणून पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद, ३१ इंचांच्या आसपास. दिसतो अप्रतिम, सध्या सगळ्यांना तोच हवाय, पण कापलेली कड भराभर सुटते. म्हणून शिलाई अर्ध्याऐवजी पाऊण इंच सोडा, आत सुती अस्तर लावाच, आणि देताना एक चिठ्ठी घाला की वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. रोज धुवायच्या वस्तूला खण वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गरम वस्तूंमध्ये शेकाची पिशवी फार उपयोगी. पाठदुखीवाल्या मैत्रिणीला, परीक्षेच्या दिवसांत मान अवघडलेल्या भाचीला, कोणालाही. सुती पिशवीत कोरडे तांदूळ आणि मूठभर ओवा, पाऊण भाग भरायची म्हणजे ती मानेवर वळते, आणि वरून काढता येणारी खोळ, कारण तांदूळ धुता येत नाहीत. यात कापड, दोरा सगळं सुतीच हवं, पॉलिस्टर वितळतं. बटण, जरी, लेस काही लावू नका. मायक्रोवेव्हला शेजारी कपभर पाणी ठेवून एकेक मिनिटच गरम करा असं लिहून द्या. ग्लू गनने इथे काहीच चिकटवायचं नाही, तो गोंद उष्णतेने सुटतो. तसंही धुवायच्या वस्तूवर चिकटवाचिकटवी मला पटत नाही, साधा पांढरा गोंद पाण्याने सुटतो आणि सुटेपर्यंत कापड कडक करून ठेवतो.

बाळासाठी म्हणाल तर दुपटं. आपल्याकडे बाळंतविड्यात हातच्या वस्तू द्यायची पद्धत होती, टोपडं, झबलं, कुंची, दुपटं, आणि ती परत आली तर मला मनापासून आनंद होईल. दुपट्याला जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घ्या, दोन पदर एकावर एक, कच्चा दोरा घालून ठेवा म्हणजे सरकत नाहीत, आणि मग गोधडीला घालतो तसा धावदोरा. मणी, टिकल्या, बटण, गोंडा काहीही लावायचं नाही, सगळं तोंडात जातं. लांब नाड्याही नकोत.

जुन्या साडीवरून आठवलं, आजीची किंवा आईची साडी कापावी का, हाही प्रश्न येतोच, आणि विचारताना बरेचदा आवाज जड झालेला असतो. आमच्या घरी आजीची इरकल कापायला दोघीजणींचा विरोध होता, आणि तो मला समजतो. पण घडी करून वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेलं रेशीम घडीवरच विरतं. नेसता येत असेल तर नेसा, नियमाने, वर्षातून दोनदा तरी, आणि ठेवताना घडी बदला. पण विरायला लागलीच असेल तर कापा. काठ आणि पदर वेगळे काढा, प्रत्येक नातवंडाला त्यातलं काहीतरी मिळू दे, कोणाला चष्म्याचं घर, कोणाला पुस्तकाचं कव्हर. आता आमच्याकडे ती साडी सहा-सात घरांत रोज कोणाच्यातरी हातात असते, आणि ज्या दोघी नको म्हणत होत्या त्यांच्याकडेही आहे.

बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय कधीतरी या नजरेने बघून या. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. तिथे अडकित्ते, दिवे, कुलपं आहेत, म्हणजे रोज हातात यायच्या वस्तू, आणि त्यांच्यावर कोणीतरी किती जीव ओतलाय बघा. मी शिवायला बसण्याआधी काही सुचत नसेल तर तिथे जाते.

आता शेवटचं, जे सगळ्या जरा चाचरत विचारतात: हाताने केलेलं दिलं तर कमी नाही ना वाटणार? काहींना वाटतं. ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दुकानातून आणा, त्यात वाईट काही नाही, पण त्यांच्यासाठी चार संध्याकाळी बसून शिवू नका. उरलेली माणसं भरपूर आहेत. लग्नाला पाकीटच द्यायचं असेल तर ते खणाच्या बटव्यात घालून द्या. आणि वाणाला तीस-चाळीस नग करायचे असतील तर दिवाळीनंतर लगेच कापड धुऊन घ्या, एका दिवशी सगळं कापा, एका दिवशी सगळ्यांच्या वरच्या टिपा, मग बाजूच्या, नाड्या शेवटी एकदम. एकेक बटवा पूर्ण करत बसलात तर वीसाव्याला कंटाळा येतो. यंदा कोणासाठी करताय ते मात्र फोन करून कळवा, माप घेताना अडलं तर मी आहे.