परफ्युजनिस्ट आहे, हे पहिल्या भेटीत कसं सांगायचं

‘म्हणजे डॉक्टर का?’ हा प्रश्न येणारच. सरळ सांगावं: बायपाससाठी हृदय थांबवतात तेव्हा शरीरात रक्त फिरवणारं हार्ट-लंग मशीन चालवणं, हे आपलं काम. समोरच्याने कॉफी खाली ठेवली, तरच पुढे जावं.

आधी वजनाच्या किलोमागे 300 ते 400 युनिट हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, नाहीतर नळ्यांत गुठळ्या होतात. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, साधारण 480 सेकंदांवर गेल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. हृदय थांबतं ते पोटॅशियमच्या द्रावणाने. ते ठरावीक वेळाने पुन्हा द्यावं लागतं. खरी धास्ती रिझर्वॉयरची, म्हणजे मशीनमधल्या रक्ताच्या टाकीची. पातळी उतरून ते रिकामं झालं, तर हवा धमनीत, तिथून मेंदूत. म्हणून गप्पा मारतानाही नजर तिथेच. शेवटी प्रोटामिन हे औषध देऊन हेपरिनचा परिणाम उतरवतात.

पगाराचं नंतर बघू. इमर्जन्सी आली की सिनेमा अर्धवट सोडून पळावं लागतं, हे मात्र आधीच सांगून टाकावं.