तुम्ही विचारलंत म्हणून: विधान परिषद हवीच कशाला?

"मॅडम, ही विधान परिषद बंद काहून नाही करून टाकत?" डिसेंबर लागला आणि नागपुरात हिवाळी अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड्स उभे राहिले की हा प्रश्न येतोच. स्टाफरूममध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडून तर हमखास. परिषदेवर आमदार पाठवणाऱ्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या नोंदणीचे अर्ज मी लोकांकडून भरून घेते, म्हणून विधिमंडळाच्या त्या वरच्या सभागृहाची बाजू मीच मांडावी असं सगळ्यांनी धरून चाललंय. आजवर विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

तुमचे आरोप मला पाठ आहेत आणि त्यातले बहुतेक खरे आहेत. विधानसभेला पडलेल्यांची तिथे सोय लागते. राज्यपालनियुक्त 12 जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी आहेत, पण मिळतात पक्षाच्या माणसांना. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली नावं राजभवनात पडून राहिली आणि त्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. शिक्षक मतदारसंघातून उभं राहायला शिक्षक असावं लागत नाही. अधिकार म्हणाल तर विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक परिषद तीन महिने थांबवू शकते, पुन्हा आलं तर आणखी एक महिना. धन विधेयकाला, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाला, फक्त 14 दिवस. दोन सभागृहांचं जमलं नाही तर संसदेसारखी संयुक्त बैठकही राज्यात नाही.

कॉलेजात वादविवाद स्पर्धेत मी स्वतः परिषद बंद करा म्हणून बोलले आहे. पश्चिम बंगालने 1969 मध्ये बंद केली, तमिळनाडूने 1986 मध्ये, त्यांचं काय अडलं? आपण 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती, कारभार एकाच सभागृहावर चालत होता. त्या मुलीशी आज वाद घालायचा तर मला जड जातं, कारण तिची माहिती बरोबर होती. फक्त विनाअनुदानित शाळेत नोकरी करणं म्हणजे काय, हे तिने पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं. आमच्या शाळेला 20 टक्के टप्पा अनुदान, म्हणजे सरकार टप्प्याटप्प्याने वाढवत देतं ते पगाराचं अनुदान, मिळायला हवं होतं. सोबतच्या शाळांना मिळालं, आमची फाइल "त्रुटी" असा शेरा मारून परत आली. कोणती त्रुटी, हे कागदावर कुठेच नव्हतं. आमचे विज्ञानाचे सर दिवसा प्रकाशाचं परावर्तन शिकवायचे आणि रात्री वर्धा रोडवरच्या पेट्रोल पंपावर उभे राहायचे. विद्यार्थ्यांचे वडील गाडी घेऊन आले की ते नोझल दुसऱ्याच्या हातात देऊन मागे सरायचे.

त्या हिवाळी अधिवेशनात आमच्या प्रश्नावर परिषदेत लक्षवेधी लागली, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागणार होतं. बाकीचे सगळे मोर्चात होते, यशवंत स्टेडियमवरून निघून पोलिसांनी अडवलं तिथे रस्त्यावर बसलेले. सर आणि मी, आम्हा दोघांना गॅलरीचे पास मिळाले. मोबाइल, पिशवी, पेन सगळं बाहेर जमा केलं. गॅलरीत टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही. खाली मधल्या टेबलाशी कामकाजाची नोंद घेणारे प्रतिवेदक लिहीत होते, थोड्या वेळाने एक उठायचा, दुसरा बसायचा. आमची लक्षवेधी यादीत बरीच खाली होती. जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही हललो नाही.

नंबर आला. मंत्र्यांचं छापील निवेदन सदस्यांना आधीच वाटलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की त्रुटी आढळलेल्या शाळांची तपासणी सुरू आहे. शिक्षक आमदार उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला: या शाळेची त्रुटी कोणती, तेवढं सांगा. मंत्री म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. आमदार म्हणाले, हेच मागच्या अधिवेशनात सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "या शाळेचे विज्ञान शिक्षक रात्री पेट्रोल पंपावर काम करतात, सभापती महोदय." समोरच्या बाकांवर दोघं आपसात बोलत होते, ते बोलतच राहिले. सर माझ्या शेजारी ताठ बसले होते. ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा सांगितलेली नव्हती, आणि आता ती कायमची कार्यवाहीत नोंदली गेली होती.

उत्तर समाधानकारक नाही म्हणून लक्षवेधी राखून ठेवली गेली, म्हणजे पुन्हा घ्यायची ठरली. बाहेर पडताना सरांनी विचारलं, "मग आपली लक्षवेधी उद्या येईन का मॅडम?" आली नाही. दोन दिवसांनी अधिवेशनच संपलं.

पण राखून ठेवली होती म्हणूनच सभापतींच्या दालनात बैठक लागली, अधिकाऱ्यांना फाइल घेऊन यावं लागलं. तेव्हा कळलं की आमच्या बायोमेट्रिक हजेरीचा कागद दुसऱ्याच शाळेच्या फाइलला लागला होता. पुढे अनुदान सुरू झालं. तोवर सर शाळा सोडून गेले होते.

याला तुम्ही परिषदेचं यश म्हणणार नाही. मीही छातीठोकपणे म्हणत नाही. पण विधानसभेच्या आमदाराला लाखो मतदारांचे रस्ते, नाल्या, नळ बघायचे असतात, एका शाळेच्या फाइलसाठी तो मंत्र्याशी दोन अधिवेशनं भांडेल कशाला? शिक्षक आमदाराला भांडावंच लागतं, त्याला निवडून देणारे आम्हीच. 2023 मध्ये नागपूरच्या शिक्षकांनी जुन्या पेन्शनच्या मुद्द्यावर विद्यमान आमदाराला घरी बसवलं. 78 पैकी पदवीधरांच्या 7 आणि शिक्षकांच्या 7, या 14 जागांसाठीच मी बोलते आहे. आणि वि. स. पागे याच परिषदेचे सभापती असतानाच त्यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, हेही कुणी विसरू नये.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. महालात खानावळ चालवणारी माझी वहिनी बारावी झालेली आहे. ती म्हणाली, "तुले विधानसभेचं मत, पदवीधरचं मत, शिक्षकचं मत. मले एकच. माझी अक्कल कमी आहे का?" आमच्याच इमारतीत प्राथमिकला शिकवणाऱ्या मैत्रिणीलाही शिक्षक मतदारसंघात मत नाही, कारण कायदा माध्यमिकपासून वरचेच शिक्षक मोजतो.

मी वहिनीला सांगितलं की परिषद बंद करायची तर विधानसभेत दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो आणि वर संसदेचा कायदा. रचना बदलायला संसदेचा साधा कायदा पुरतो, अनुच्छेद 171 मध्येच तशी सोय आहे. अंगणवाडी सेविकांना, शेतमजुरांना, तुझ्यासारख्या खानावळवाल्यांना तिथे जागा देता येतील. मग बंद करा म्हणणारे सगळे भेटतात, बदला म्हणणारा एकही का भेटत नाही?

वहिनी म्हणाली, "अन् तो कायदा होईपर्यंत तुझी तीन मतं चालूच राहणार ना?"

राहणार. आणि मी तिन्ही देणार.