तुम्ही विचारलंत म्हणून: चालू इंजिन का काढलंत?

रविवारी सकाळी मैदानावर गाडी खाली ठेवली की कुणीतरी थांबतंच. वीतभर उंच चाकं, खालून आरपार दिसणारं सस्पेन्शन, पाच किलोच्या आसपास वजन. रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक. ज्यांनी तो आधी पाहिलाय ते हमखास विचारतात, ‘अहो, हिला इंजिन होतं ना? चांगलं चालू इंजिन काढून मोटर का बसवलीत?’ आजवर प्रत्येकाला उभ्या उभ्या तुकड्यातुकड्यांत सांगत आले. आता सगळं एकदा नीट सांगते.

ते इंजिन मला मनापासून आवडायचं. साडेतीन सीसीचं, मुठीत मावणारं. लोक त्याला पेट्रोल इंजिन म्हणतात, पण त्यात पेट्रोल नसतंच. मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा सिंथेटिक तेल. स्पार्क प्लगही नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार तापलेली राहते आणि तिच्यावर मिश्रण पेटतं. हे इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास पोचतं तेव्हाचा आवाज छातीत ऐकू येतो.

पण मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पुण्याच्या पावसाळ्यात बाटली दोनदा उघडली की इंधन बिघडायला लागायचं. हवा बदलली की सुई, म्हणजे इंजिनात इंधन किती जायचं ते ठरवणारा स्क्रू, पुन्हा लावा. घरी आल्यावर टाकी रिकामी करा, उरलंसुरलं जाळा, आत तेलाचे थेंब सोडा, नाहीतर बेअरिंगला गंज. इंधन मिळवणं हे आणखी वेगळं काम. तासाभरासाठी मैदानावर जायचे, त्यातली चाळीस मिनिटं इंजिन लावण्यात जायची. माझी भाची अकरा वर्षांची होती. ती रिमोट हातात धरून उन्हात उभी असायची आणि विचारायची, ‘मावशी, झालं?’ एक दिवस ‘झालं’ म्हणायच्या आधीच तिने रिमोट खाली ठेवला. मोटर बसवायचं मी त्या दिवशी ठरवलं. वेगाचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता.

‘ब्रशलेस म्हणजे काय’ हा दुसरा प्रश्न. घरचा मिक्सर आठवा. त्याचे कार्बन झिजतात, ठिणग्या दिसतात, मग दुकानात जाऊन कार्बन बदलून आणतो. ते कार्बन म्हणजेच ब्रश. ब्रशलेस मोटरमध्ये ते नसतातच. माझ्या गाडीच्या मोटरमध्ये चुंबक मधल्या दांड्यावर फिरतात, तारांची वेटोळी बाहेरच्या भिंतीला स्थिर बसलेली असतात. कोणत्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची ते स्पीड कंट्रोलर ठरवतो. हल्ली सगळे बीएलडीसी पंखे घेतात, त्यातलं ‘बीएल’ हेच. वेटोळी बाहेरच्या अंगाला असल्यामुळे उष्णता सहज निघून जाते, म्हणून तेवढ्याच आकारात ही मोटर कितीतरी जास्त ताकद देते. मोटरला तीन वायरी असतात. माझी मोटर उलटी फिरली तर त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, झालं.

मोटर विकत घेताना सगळे केव्ही विचारतात. हे किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टला मोटर भाराशिवाय मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. आकडा मोठा म्हणजे मोटर भारी, असं समजून लोक चार हजार केव्हीची घेतात आणि जड ट्रकमध्ये ती जाळतात. मोठ्या चाकांच्या गाडीला कमी केव्ही आणि जास्त व्होल्ट लागतात. माझी मोटर 2000 केव्हीची, बॅटरी चार सेलची, म्हणजे नाममात्र 14.8 व्होल्ट. गुणाकार 29,600. गिअरमध्ये ते साधारण वीसास एक उतरतं, म्हणजे चाकाला 1480 फेरे. 15 सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात 47 सेंटिमीटर जातं. हिशेब ताशी 42 किलोमीटरच्या आसपास येतो, प्रत्यक्षात थोडा कमी. मैदानावर तेवढा वेग पुष्कळ झाला.

मोटर बसवायला पट्टी लागते. भोसरीत एका काकांकडे सहा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि कागदावरचं चित्र घेऊन गेले. ‘ताई, कशाचा पार्ट हा?’ म्हणाले. गाडी पिशवीतून काढून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि माझ्या चित्रातली गोल भोकं खोडून तिथे लांबट खाचा काढल्या. ‘मोटर मागेपुढे सरकली पाहिजे. नाहीतर दात बदललेत की परत याल माझ्याकडे.’ त्या खाचांनी मला किती वाचवलं! पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, आणि मोठा गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या स्पष्ट उमटल्या पण ती फाटली नाही, तर फट बरोबर. तीन वेळा फाटली. चौथ्यांदा नीट निघाली, ती अजून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवलेली आहे.

पहिल्याच रविवारी पुढचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकाकडे जोर नेणारा दांडा, पिळवटला. दोन टोकांच्या पिना एका रेषेत असायला हव्यात, त्या काटकोनाकडे झुकल्या होत्या. दोष शाफ्टचा नव्हता. इंजिनाच्या गाडीत सेंट्रिफ्युगल क्लच असतो. फेरे वाढले की तो हळूहळू धरतो, आणि इंजिनाची ताकदही फेरे चढल्यावरच येते. मी तो क्लच काढून थेट दात जोडले होते. मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यापासून हजर असतो. तो थेट गाडीतला सगळ्यात कच्चा भाग शोधतो. शाफ्ट जाड घातला तर पुढच्या खेपेला डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचे, दात जाणार. म्हणून मी शाफ्ट पूर्वीचाच ठेवला. स्लिपर, म्हणजे घसरू शकणारी घर्षणाची चकती, थोडी सैल केली आणि कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा जोर कमी केला. तेव्हापासून एकही शाफ्ट गेलेला नाही. मोटर बसवायला जाल तेव्हा खर्चाचा आणि वेळेचा मोठा वाटा मोटरपासून चाकांपर्यंतच्या या भागांसाठी धरा, असं मी आग्रहाने सांगते.

एक गोष्ट मात्र इंजिनात बरी होती. अगदी हळू चालताना माझी गाडी आता अडखळते. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये दांडा कुठे आहे हे कंट्रोलरला फिरणाऱ्या मोटरमधूनच कळतं. मोटर थांबलेली असताना त्याला अंदाजाने ढकलावं लागतं. दगडांवरून इंचाइंचाने चढवायची असेल तर सेन्सरवाली मोटर घ्या, जास्त पैसे पडले तरी.

आणि लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीबद्दल माझं ऐकाच. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टचा, वापरात नसताना ठेवायचा 3.8 वर. एकदा दिवाळीत गावाला जाताना मी पूर्ण भरलेला पॅक कपाटात ठेवून गेले. परतले तेव्हा तो उशीसारखा फुगलेला होता. फुगलेला पॅक टोचायचा नाही, पुन्हा चार्ज करायचा नाही. आता चार्जिंग बाल्कनीत, फरशीवर, मी समोर बसलेली असतानाच.

‘मग इंजिन विकलंत का?’ हे शेवटी विचारतातच. नाही विकलं. तेल घालून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलंय आणि महिन्यातून एकदा फ्लायव्हील हाताने फिरवते. भाची आता पंधराची आहे. मागच्या महिन्यात तिने डबा उघडला, फडक्याचा वास घेतला आणि म्हणाली, ‘मावशी, हे सुरू करून दाखव ना.’ या रविवारी घेऊन जाणार आहे. गाडीत नाही बसवत, लाकडी फळीला पट्टीने आवळून नेणार. सुई या वेळी तिलाच लावायला सांगेन.