आधी जागा, मग माप

गच्चीवरच्या बागेविषयीचे माझे संकेतस्थळ बहुतेक वाचक मोबाईलवर वाचतात, हे मला आकड्यांवरून ठाऊक होते. पण त्याचा नेमका अर्थ गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या मावशीकडे गेलो तेव्हा कळला. कढीपत्त्याच्या कुंडीतली माती कधी बदलावी, हा लेख ती वाचत होती आणि मी शेजारी चहा पीत बसलो होतो. दुसऱ्या परिच्छेदात खताच्या प्रमाणाच्या तक्त्याकडे नेणारा दुवा होता. तिने त्यावर अंगठा नेला, त्याच क्षणी वर एक जाहिरात उगवली, सगळा मजकूर खाली सरकला आणि अंगठा पडला तो जाहिरातीवर. "अरे, मला कर्ज नकोय, शेणखत किती घालायचं ते हवंय," असे म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला.

चूक माझीच होती. जाहिरातीचा कोड मी पहिल्या परिच्छेदानंतर टाकला होता, पण तिच्यासाठी जागा राखून ठेवली नव्हती. मजकूर लगेच येतो, जाहिरात दोन-तीन सेकंदांनी येते आणि आल्यावर स्वतःची उंची वसूल करते. या धक्क्याचे मोजमाप गूगल 'सीएलएस' (क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट, म्हणजे पानावरचा मजकूर किती हलला त्याचा आकडा) नावाने करते. त्यात ०.१ पर्यंतचा आकडा चांगला आणि ०.२५ च्या पुढचा वाईट समजला जातो. समजा पडदा ६४० पिक्सेल उंच आहे आणि वरून २०० पिक्सेलवर २५० उंचीची जाहिरात घुसली. हलणाऱ्या मजकुराने व्यापलेला भाग पडद्याच्या सुमारे ०.६९ इतका होतो, सरकण्याचे अंतर पडद्याच्या उंचीच्या ०.३९ इतके भरते आणि दोहोंचा गुणाकार, म्हणजेच सीएलएसचा आकडा, येतो ०.२७. एकाच जाहिरातीने पान थेट वाईटाच्या रकान्यात जाऊन बसते. उपाय दोन ओळींचा आहे: जाहिरातीच्या चौकटीला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, किमान उंची २५० पिक्सेल द्यायची आणि एखाद्या वेळी जाहिरात आलीच नाही, तरी ती चौकट मिटवायची नाही. मोकळी चौकट डोळ्यांना खुपते, हे मान्य. पण ती मिटवली की मजकूर पुन्हा वर उडी मारतो. देवनागरी फाँट उशिरा उतरल्यामुळेही ओळी अशाच हलतात, तो दोष जाहिरातीच्या माथी मारू नये.

मापांचा विचार करताना पडद्याची रुंदी पाहण्याची सवय असते, ती सोडावी. पाहायची ती मजकुराच्या रकान्याची रुंदी. २००७ च्या पहिल्या आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० पिक्सेलचा होता आणि ३२० बाय ५० ही पट्टी आजही जाहिरातींच्या बाजारात रुळलेली आहे. पुष्कळ अँड्रॉइड फोनची रुंदी ३६० धरली जाते. हे सीएसएसचे पिक्सेल आहेत, पडद्यावरचे प्रत्यक्ष ठिपके नव्हेत. फोनच्या खोक्यावर लिहिलेले १०८० तिपटीच्या हिशेबाने इथे ३६० होतात. माझ्या पानावर दोन्ही बाजूंना १६-१६ पिक्सेलचा समास आहे, म्हणजे उरले ३२८. ३३६ बाय २८० या मापाची तारीफ ऐकून मी ते लावले होते. आठ पिक्सेल जास्त झाले आणि सगळे पान बोटाखाली आडवे डुलू लागले. ३०० बाय २५० हे माप त्या रकान्यात ऐसपैस बसते, ३२० बाय १०० जेमतेम.

सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांग आहे. त्यातल्या एका मालकांनी माझ्याकडे थेट जाहिरात दिली, तेव्हा मापाचा खरा प्रश्न समोर आला. त्यांनी पाठवलेली रचना मूळची फ्लेक्सची होती: बारा फुलझाडांची नावे, पत्ता, दोन मोबाईल क्रमांक आणि कोपऱ्यात गणपती. त्यांना हवी होती वरची ३२० बाय ५० ची पट्टी, कारण "वर असलं की सगळ्यांना दिसतं." पन्नास पिक्सेलांच्या उंचीत इंग्रजीच्या दोन ओळी कशाबशा मावतात; मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार आले की एकच ओळ नीट वाचता येते. मी त्यांना ती पट्टी करून फोनवरच दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली आणि म्हणाले, "साहेब, हे मुंग्या चालल्यासारखं दिसतंय." शेवटी ३०० बाय २५० ठरले: एक शेवंती, एक दर, एक क्रमांक. चित्र मात्र ६०० बाय ५०० चे घेतले, नाहीतर चांगल्या पडद्यावर अक्षरे धुरकट दिसतात.

"वर असलं की दिसतं" हा समज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आला असावा. मोबाईलवर तो फसतो. वाचक पान उघडताच अंगठ्याने वर ढकलतो, आणि माथ्यावरची जाहिरात उतरेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. गूगलने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही पानाच्या माथ्यापेक्षा पहिल्या पडद्याच्या, म्हणजे पान न सरकवता दिसणाऱ्या भागाच्या, तळाशी असलेली जागा अधिक दिसते, असेच आढळले होते. जाहिरात 'दिसली' असे मानण्यासाठी तिचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर असावे लागतात, त्यामुळे वेगाने सरकणाऱ्या जागेला फारसा अर्थ नाही. मे २०१७ पर्यंत गूगलची जाहिरातसेवा ॲडसेन्स मोबाईलच्या पहिल्या पडद्यावर ३०० बाय २५० लावू देत नसे. मग परवानगी मिळाली. मी ती वापरत नाही. माझे शीर्षक दोन ओळींचे असते, त्यावर ब्राउझरची पट्टी आणि संकेतस्थळाचे नाव असते. त्यात ही चौकट आली, तर लेखाचे पहिले वाक्यसुद्धा दिसत नाही.

म्हणून मी आधी थांबे शोधतो. माती, कोकोपीट आणि गांडूळखताच्या प्रमाणाचा तक्ता आला की वाचक थबकतो, कागदावर टिपून घेतो किंवा स्क्रीनशॉट काढतो. रोपवाटिकेची जाहिरात त्या तक्त्याखाली एक परिच्छेद सोडून आहे. तक्त्याला किंवा छायाचित्राला ती चिकटवत नाही, कारण मग ती लेखाचाच भाग वाटते आणि चुकून पडलेले क्लिक मोजून कोणाचे भले होत नाही. 'पुढील लेख' या बटणाजवळही जाहिरात नको, तिथे अंगठा सवयीने पडतो.

किती जाहिराती असाव्यात, याला नियम आहे. 'कोअलिशन फॉर बेटर ॲड्स' या जाहिरात आणि माध्यम कंपन्यांच्या गटाच्या मानकांनुसार मोबाईलवर जाहिरातींच्या उंचीची बेरीज मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये. गूगलच्या क्रोम ब्राउझरने फेब्रुवारी २०१८ मध्ये ही मानके मोडणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती गाळायला सुरुवात केली आणि जुलै २०१९ मध्ये ते धोरण जगभर लागू केले. माझा २४०० पिक्सेलांचा लेख ७२० पिक्सेल सोसतो, म्हणजे २५० च्या दोन चौकटी. तिसरी लावली की ७५० होतात. पावसाळ्यातल्या छोट्या टिपांची उंची जेमतेम १२०० भरते, तिथे एकच. 'प्रत्येक चार परिच्छेदांनंतर एक' असा आपोआप चालणारा नियम मी त्यामुळेच काढून टाकला. माझे परिच्छेद कधी दोन ओळींचे असतात, कधी चौदा. तळाशी चिकटून राहणारी ५० उंचीची पट्टी ठेवली आहे, तीही या बेरजेत धरून. पूर्ण पडदा झाकणाऱ्या जाहिरातींचा विचारही केला नाही.

तक्त्याखालची जागा आणि लेखाच्या शेवटची जागा, यांची तुलना मला पंधरा-पंधरा दिवस करायची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, माप तेच ठेवायचे. मात्र गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात बागेविषयी वाचणाऱ्यांचे लक्ष दुर्वा, जास्वंद आणि केवड्यावर असते, आणि वाचनाच्या वेळाही मध्यरात्रीपर्यंत सरकतात. तेव्हाचे आकडे एरवीच्या दिवसांशी जुळत नाहीत. म्हणून ही तुलना अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी सुरू करायची ठरवली आहे, आणि तोवर रोपवाटिकेच्या मालकांना शेवंतीचा नवा दर पाठवायला सांगितले आहे.