त्या रात्रीचे गीत

आज पवित्र गुरुवारच्या उपासनेनंतर शेजारच्या मुलीने विचारले, “शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याच्या शिष्यांनी कोणते गीत गायले?” मार्काच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात, गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले एवढेच आहे, आपण ते वाक्य ओलांडून थेट येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेत पोहोचतो.

मिसरमधून झालेल्या सुटकेच्या वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी कुटुंबे बायबलमधील ११३ ते ११८ ही स्तोत्रे गातात आणि ते गीत बहुधा त्यांतलेच असावे. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाल्याची ओळ ११८ व्या स्तोत्रातलीच.

कोकणातील बेने इस्राएल हा यहुदी समाज वल्हांडण सण आजही पाळतो. आपल्या उपदेशांत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेची ती आठवण वगळून त्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणारे प्रभुभोजन आपल्याला कितीसे कळणार?