नसेल तर काय होतं?

अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती आणि सकाळपासून मदतकक्षाकडे एकच तक्रार येत होती: पान उघडतं, पण कोरं दिसतं. सगळ्यांकडे नाही. फक्त आयफोनवाल्यांकडे, आणि त्यांतही थोड्यांकडेच. ही २०२४ मधली गोष्ट. मी तेव्हा एका ऑनलाइन अर्जप्रणालीचं फ्रंटएंड, म्हणजे लोकांना दिसणारी पानं, सांभाळत होते. आदल्या संध्याकाळी नवीन आवृत्ती चढवली होती, त्यामुळे सगळ्यांचे डोळे आमच्या टीमकडे वळले. पण त्या आवृत्तीत होतं काय, तर मजकुरातल्या किरकोळ दुरुस्त्या, एका बटणाची जागा आणि नेहमीचे लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) अपडेट.

मदतकक्षाने तोवर आपल्या परीने उपाय सांगून टाकला होता: सफारीत चालत नसेल तर क्रोममध्ये उघडा. लोकांनी बिचाऱ्यांनी क्रोम डाउनलोड केलं, तिथेही कोरंच पान. होणारच होतं. आयफोनवरच्या क्रोमवर पाटी फक्त क्रोमची असते, आत इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, सफारीचंच: वेबकिट. फायरफॉक्सचंही तेच. ॲपलचा तसा नियमच होता. २०२४ च्या मार्चमधल्या आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात दुसऱ्या इंजिनाला वाट मिळाली, पण तेव्हा बाकी सगळीकडे वेबकिटला पर्याय नव्हता. म्हणजे आमच्या मदतकक्षाने लोकांना त्याच दारातून पुन्हा आत जायला सांगितलं होतं.

आम्हाला बुचकळ्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. चुका नोंदवणारं आमचं टूल अगदी शांत होतं. एकही एरर नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये पान दिल्याची नोंद होती, सीएसएस (पानाच्या रूपाची फाइल) दिली, जावास्क्रिप्टची मोठी फाइल दिली, सगळं २००, म्हणजे यशस्वी. आणि त्यानंतर काहीच नाही. एरवी फाइल पोचली की लगेच एपीआयला, म्हणजे सर्व्हरवरून माहिती मागायच्या खिडकीला, पहिली हाक येते. या लोकांकडून ती येतच नव्हती. फाइल घरपोच झाली होती, पण चालू झाली नव्हती.

आमच्या टेस्टरच्या ड्रॉवरमध्ये एक जुना आयफोन ७ होता. "अगं, हा आयओएस १५ वर अडकलाय, याच्यापुढे जात नाही," असं म्हणत तिने तो चार्जिंगला लावला. तो सुरू होईपर्यंत मी ऑटोमेशनचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्यांचे, निकाल पुन्हा चाळले. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तीनही इंजिनांवर सगळं हिरवं. त्यात खोटं काही नव्हतं. ऑटोमेशनच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट ताजं असतं, आणि ताज्या वेबकिटवर आमचं पान व्यवस्थित चालत होतंच.

फोन केबलने मॅकला जोडला, सफारीच्या डेव्हलप मेनूतून त्याचं पान उघडलं आणि चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये एकच लाल ओळ दिसली: "सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम". ओळ क्रमांक १. अर्थात सगळी फाइल दाबून एका ओळीत बसवलेली, त्यामुळे ओळ क्रमांक १ म्हणजे कुठेही.

या ओळीवर जरा थांबते, कारण सगळी मेख तिच्यातच आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधायच्या सूत्रात, "मागे अमुक असेल तरच पकड" असं सांगायची एक सोय आहे, लुकबिहाइंड. ती लिहितात (?<= अशी; "मागे अमुक नसेल तर" हवं असेल तर (?<! अशी. क्रोममध्ये ती २०१७ मध्ये आवृत्ती ६२ पासून आहे. फायरफॉक्समध्ये २०२० मध्ये आवृत्ती ७८ पासून. सफारीत मात्र ती २०२३ च्या मार्चमध्ये १६.४ बरोबर आली. आता जुन्या वेबकिटला (?< एवढं दिसलं की त्याला वाटतं, हा नाव दिलेला ग्रुप (नमुन्याचा एक तुकडा) सुरू झाला, कारण तो प्रकार त्याला माहीत असतो. पुढे तो नाव शोधतो आणि सापडतं = हे चिन्ह. म्हणून तक्रार ग्रुपच्या नावाची. हे ठाऊक नसेल तर माणूस नाव दिलेले ग्रुप शोधत दिवस घालवेल.

आणि ही चूक कोड चालताना होत नाही, वाचतानाच होते. इंजिन फाइल आधी पूर्ण वाचून घेतं. तेव्हाच एखादी रचना व्याकरणात बसली नाही तर अख्खी फाइल बाद. चूक पकडायच्या ट्राय-कॅच या रचनेचा उपयोग शून्य, कारण ट्राय सुरूच होत नाही. चुका नोंदवणारं टूल गप्प का, तेही इथेच कळलं: त्याचा कोड त्याच फाइलमध्ये होता.

बिल्ड झालेल्या, म्हणजे सगळा कोड एकत्र करून बनलेल्या, फाइलमध्ये (?<= शोधलं. सापडलं ते आमच्या कोडमध्ये नव्हे, तर मजकुरातले ईमेल पत्ते ओळखून त्यांची लिंक बनवणाऱ्या एका लायब्ररीत. आम्ही ती वापरत होतो मदतीच्या मजकुरासाठी, म्हणजे अर्जाखाली जे बारीक अक्षरांत असतं आणि कोणीही वाचत नाही त्यासाठी. लायब्ररीच्या किरकोळ अपडेटमध्ये कोणीतरी जुना लांबलचक रेजेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन) काढून सुटसुटीत लुकबिहाइंड घातलं होतं. सुटसुटीत होतं खरंच. आमचा ट्रान्सपायलर नवी वाक्यरचना जुन्यात उतरवून देतो, प्रश्नचिन्ह-टिंबाचा ऑप्शनल चेनिंगही, पण लुकबिहाइंड त्याला उतरवता येत नाही. तो तसाच पुढे जाऊ देतो आणि चकार शब्द काढत नाही.

लायब्ररी मागच्या आवृत्तीवर बांधून टाकली, आयफोन ७ वर फॉर्म उघडताना पाहिला आणि दुपारपर्यंत दुरुस्ती चढवली. लॉगमध्ये एपीआयच्या हाका पुन्हा दिसू लागल्या. मुदत एका दिवसाने वाढवून मिळाली, तो भाग माझ्या हातातला नव्हता.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅनेजर म्हणाले, "मला एकच सांग, यातलं मागासलेलं इंजिन कुठलं? त्याची यादी कर, म्हणजे पुढच्या वेळी तेवढंच तपासू." सफारीचा राग येणं साहजिक होतं, त्या आठवड्यात तर सफारीला शिव्या घालणं हा ऑफिसातला आवडता उद्योग झाला होता. मी तक्ता करायला बसले आणि तो राग टिकेना.

सबग्रिड घ्या, सीएसएसमधली जाळीत जाळी मांडायची सोय. फायरफॉक्सने ते २०१९ च्या डिसेंबरमध्येच दिलं, क्रोममध्ये यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. सीएसएसचं :has(), म्हणजे "आत अमुक असेल तर" असं सांगायची सोय, उलट सफारीने आधी आणलं, २०२२ च्या मार्चमध्ये. क्रोमने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि फायरफॉक्स शेवटी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये आवृत्ती १२१ मधून. डायलॉग हे पानावर वेगळी चौकट उघडणारं एलिमेंट क्रोमकडे २०१४ पासून पडून होतं, बाकी दोघांकडे ते २०२२ च्या मार्चमध्ये आलं. प्रत्येक इंजिन कुठे ना कुठे शेवटून पहिलं. २०२२ पासून ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट वगैरे मिळून इंटरऑप नावाने दरवर्षी काही विषय निवडतात आणि सामाईक चाचण्यांवर आपापली इंजिनं जुळवून घेतात. त्यामुळे ताज्या आवृत्त्यांमधली दरी आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. माझ्या तक्त्यात तर लुकबिहाइंडपुढे तीनही रकान्यांत हिरवी टिक होती. त्या टिका खऱ्या होत्या आणि पान तरी कोरं पडलं होतं.

कारण मागे राहतं ते यंत्र. आयफोन ६एस, ७ आणि पहिला एसई आयओएस १५ वर थांबले, आणि फोनवर सफारी आयओएसबरोबरच येतं. फोन जिथे थांबला तिथे इंजिनही थांबलं. पण हे एकट्या ॲपलचं दुखणं नाही. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ वर थांबलं, फायरफॉक्स ११५ वर. म्हणजे जुन्या फायरफॉक्सवाल्याकडे :has() नाही आणि जुन्या क्रोमवाल्याकडे सबग्रिड नाही, सीएसएस नेस्टिंगही (नियमाच्या आत नियम लिहिणं) नाही. तिन्ही घरची माणसं अडकलेली आहेत, फक्त वेगवेगळ्या मजल्यांवर. बेसलाइन नावाची जी खूणपद्धत आहे, तिच्यात सगळ्या मुख्य ब्राउझरांत आल्यानंतर ३० महिने गेल्यावरच एखादी गोष्ट "सर्वत्र उपलब्ध" धरतात, ते याचसाठी. लुकबिहाइंडचे ३० महिने तेव्हा भरले नव्हते. आणि भरले असते तरी आयफोन ७ च्या मालकाला त्याचं काय?

मग मी तक्त्यात एक रकाना वाढवला: नसेल तर काय होतं? भरायला सगळ्यात वेळ लागला तो हाच, आणि खरी मजाही इथेच होती.

इनपुटचा प्रकार ओळखीचा नसेल तर एचटीएमएल निमूटपणे साधी मजकुराची चौकट दाखवतं. दिनांक हाताने टाइप करा, काम होतं. डायलॉग ओळखता आला नाही तर आतला मजकूर लपायच्या ऐवजी पानावर उघडाच पडतो, "तुम्हाला नक्की रद्द करायचं आहे का?" असं कोणी न विचारता दिसत राहतं. विनोदी, पण अर्ज भरता येतो. जावास्क्रिप्टने शो-मोडल हाक मारली की मात्र तिथे चूक फुटते.

सीएसएस क्षमाशील असतं, कळलं नाही ते सोडून पुढे जातं, असं आपण सगळे म्हणतो. ते अर्धंच खरं. आमच्याच फाइलमध्ये चुकलेल्या रकान्याला लाल कड देणारा नियम असा होता: .error, .field:has(:invalid). जुन्या फायरफॉक्स ११५ ला दुसरा सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) कळत नाही, म्हणून तो स्वल्पविरामाच्या अलीकडच्या निरपराध .error सकट सगळा नियम टाकून देतो. लाल कड कोणालाच नाही. हेच दोन सिलेक्टर :is() च्या कंसात घातले की न कळलेला तेवढा गळतो, दुसरा वाचतो. नेस्टिंगचं आणखी गमतीशीर: क्रोम १०९ आतला नेस्टेड नियम तर गिळतोच, पण त्यानंतर पुढच्या अर्धविरामापर्यंत जे असेल तेही गिळतो. म्हणजे नेस्टेड नियमाखाली बिचारा साधा रंग लिहिला असेल तर तोही गेला. तेव्हापासून आमच्याकडे साध्या घोषणा आधी आणि नेस्टिंग शेवटी, हा दंडक आहे.

आणि तक्त्याच्या तळाशी लुकबिहाइंडची ओळ: नसेल तर फाइल मरते.

मॅनेजरनी तक्ता पाहिला, इंजिनांचे रकाने सोडून थेट शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग क्रम याच्यावरून लाव की." तो क्रम लावल्यावर कामं आपोआप ठरली. चुका नोंदवणारा कोड मुख्य फाइलमधून काढून वेगळ्या छोट्या फाइलमध्ये नेला, ती आधी लोड होते. तिच्यातच काही सेकंदांत मुख्य कोड जागा झाला नाही तर "हे पान तुमच्या फोनवर उघडत नाही, या क्रमांकावर संपर्क करा" असा मजकूर दाखवायची सोय केली. बिल्ड झाल्यावर फाइलमध्ये (?<= किंवा (?<! दिसलं तर बिल्ड अडवणारी तपासणी लावली. आणि आयफोन ७ ड्रॉवरमधून निघून टेस्टरच्या टेबलावर कायमचा आला.

ती छोटी फाइल मी मुद्दाम जुनाट पद्धतीने लिहिली आहे: व्हेरिएबलला वार (var), साधी फंक्शन्स, रेजेक्स नाहीच. डोक्यावर कारणही लिहिलंय. तरी दर काही महिन्यांनी नवीन आलेलं कोणीतरी ती आधुनिक करून रिव्ह्यूला पाठवतं, आणि मी शेवटच्या रकान्याची लिंक चिकटवून ती परत पाठवते.