रद्दीतली आत्या

रद्दीवाल्याने गठ्ठ्यातली लाल कापडी बांधणीची वही बाजूला काढली. "काका, ही नका देऊ. हाताने लिहिलेली आहे."

आजोबांचा जमाखर्च, शके 1865. म्हणजे 1943-44. मोडी लिपीतलं मला वाचता आलं नाही, पण बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, रुपये-आणे-पैचे रकाने: गूळ, रॉकेल, न्हावी. मध्येच एक ओळ, 'कृष्णीस झबल्याचं कापड, 6 आणे'. चार पानांनंतर 'कृष्णीस औषध'. पुन्हा 'औषध'. पुढे ते नाव कुठेच नाही.

कोण कृष्णी? बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीवरून आमची वंशावळ उतरवून आणली होती, त्यात सगळे पुरुष. बहुतेक बाबांची बहीण असावी.

व्हीआरएस घेतल्यापासून मीही पै न पै लिहितो. बायको चिक्कू म्हणते, म्हणू दे. आजोबा काटकसरी नसते तर या मुलीचा मागमूस उरला नसता. वंशावळीने गाळलेलं माणूस सहा आण्यांच्या हिशेबात सापडलं.

आता मोडी वाचणारं कुणीतरी शोधतोय, उरलेली पानं वाचून घ्यायला. ओळखीत कुणी आहे का? आणि तुमच्या वंशावळीत मुलींची नावं आहेत का हो?